होकार बंदर उघडल्यावर

पत्र, थोडक्यात:

"काकू, मी गुहागर तालुक्यात शाळेत शिकवते. दोन वर्षं झाली, रात्री मुलं निजली की कादंबरी लिहायला बसते. काळ १८८८ चा, गाव समुद्रकाठचं, नायक खोत, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार. नायिका बंदरातल्या तांडेलाची, म्हणजे गलबताच्या नाखव्याची मुलगी. तिचा भाऊ खोताची जमीन अर्धेलीने कसतो. खोत तापट आहे, गर्विष्ठ आहे. बाकी थकली म्हणून भावाची जमीन काढून घेतो. एकदा पडवीत नायिकेचं मनगट धरून तिला अडवतो. पुढे तो बदलतो आणि शेवटी दोघांचं लग्न होतं. पहिली शंभर पानं चार मैत्रिणींना वाचायला दिली. दोघींनी मध्येच ठेवली. असला माणूस नायक असेल तर पुढे वाचवत नाही, म्हणाल्या. तिसरी म्हणाली, त्याची आई लहानपणीच गेली असं दाखव, म्हणजे वाचकाला माया येईल. चौथीला तो इतका आवडला की मलाच भीती वाटली. खरं सांगायचं तर मलाही तो आवडतो. इंग्रजीतल्या ड्यूक-अर्लांच्या प्रेमकथा मी कॉलेजपासून वाचत आले, त्यांच्याच घराण्यातला आहे तो. पण माझे पणजोबा खोताचे कूळ होते, वेठीला जायचे. आजी ते सांगताना रडायची. मग मी खोताच्या प्रेमात कशी पडले? त्याला मऊ करू, की कादंबरीच सोडून देऊ?"

उत्तर:

काकू म्हटलंस, तेव्हा अगं-तुगंच करते. कादंबरी सोडायची नाही, हे आधी सांगते. आणि खोताला मऊही करायचं नाही. ज्या दोघींनी हस्तलिखित मध्येच ठेवलं त्यांचं मात्र नीट ऐक. त्यांना खुपलं ते त्याच्या स्वभावात कमी आणि तुझ्या सांगण्यात जास्त आहे, असं मला पत्र वाचून वाटतं.

पुढे बोलण्याआधी माझ्याबद्दलची एक गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. माझं माहेर खोताचं. माळ्यावर एका पेटीत मोडीतल्या वह्या होत्या, आणि केवळ त्या वाचायच्या म्हणून मी तिशीत मोडी शिकले. पानापानावर कुळांची नावं आणि त्यांच्यापुढे भात, नाचणी, वरी, कुठे खंडी, कुठे मण, कुठे चार पायली. एका नावापुढे लागोपाठ तीन वर्षं बाकी दाखवलेली होती. चौथ्या वर्षी त्या नावावर आडवी रेघ. आजीला विचारलं, हे कुठे गेले? ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "मुंबईला गेली ती माणसं. घराचे वासे आपल्याकडे आले. गोठ्याला लागले." त्या गोठ्यात मी लहानपणी लपाछपी खेळले होते.

तुझे पणजोबा जसल्या वहीत होते तसली वही माझ्या घरात होती. म्हणून तुझं पत्र मला इतर पत्रांसारखं बाजूला ठेवता आलं नाही.

आता नायकाकडे येऊ. न आवडणारा नायक ही काही आजची तक्रार नाही. पण 'न आवडणारा' या एका शब्दात आपण दोन वेगळी माणसं कोंबतो. एक बरोबरीच्यांशी उर्मट वागतो आणि दुसरा हाताखालच्यांशी. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीतला डार्सी आठव. तो नाचाच्या समारंभात नायिकेचा अपमान करतो, तिच्या माणसांना तुच्छ लेखतो, लग्नाची मागणीसुद्धा उपकार केल्यासारखी घालतो. तरी वाचक त्याला सोडत नाही. पुढे त्याच्या घरची जुनी कारभारीण सांगते की या मालकाच्या तोंडून मी कधी वाकडा शब्द ऐकला नाही. ज्या बाईची भाकरी त्याच्या हातात, तिने दिलेली ही साक्ष आहे, म्हणून वाचकाचं मन तिथे वळतं. तुझ्या खोताचं नेमकं उलट झालंय. तो मामलेदाराशी अदबीने बोलत असणार आणि जोर दाखवतो तो कुळावर. ज्याचं पोट आपल्या हाती आहे त्याच्यावर ओरडणाऱ्या माणसाचा ताप वाचकाला मर्दानी वाटत नाही, त्याचा धाक वाटतो. त्या दोघींनी पुस्तक ठेवलं ते इथेच, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

असा माणूस नायक होऊच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. होऊ शकतो. पण मग लिहिणारीला एक हिशेब चुकवता येत नाही: नायिकेला त्याच्यापासून निघून जायला वाट आहे का?

तू वाचत आलीस त्या ड्यूकांच्या गोष्टी बहुधा १८११ ते १८२० या रीजन्सीच्या काळातल्या असतात. त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालं की बाईची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची. ती तिची तिला ठेवू देणारा मोठा कायदा १८८२ चा. १८५७ पर्यंत तिथे पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट पार्लमेंटात त्या जोडप्यापुरता खास कायदा करूनच मिळायचा, आणि तसा मिळवणाऱ्या बायका सगळ्या मिळून चार. त्यानंतरही नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा टाकून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. हे डोक्यात ठेवलं की त्या दिवाणखान्यातल्या चिडक्या ड्यूकचं वजन बदलतं. त्याचं चिडणं नुसता स्वभाव उरत नाही, त्याच्या पाठीशी सगळं राज्य उभं असतं. चांगल्या लेखिका हे जाणून लिहितात. ज्या जाणत नाहीत त्यांचा नायक पंधरा पानांत नकोसा होतो, मग तो कितीही देखणा असो.

आपल्याकडची दारं याहून घट्ट होती. तुझ्या कादंबरीच्या एकच वर्ष आधी, मार्च १८८७ मध्ये, मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंना हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. अकराव्या वर्षी झालेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं. तुरुंग पत्करीन पण जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पुढे पैसे देऊन तडजोड झाली आणि त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. पण त्यांच्या पाठीशी मुंबई होती, शिकलेली माणसं होती. तांडेलाच्या मुलीपाशी काय होतं?

इथे तुझा विषय फार समृद्ध आहे, आणि पत्रावरून दिसतं की तू अजून तिकडे वळलेली नाहीस. कायद्याने हिंदू बाईला घटस्फोट आपल्या मुंबई प्रांतात मिळाला तो १९४७ साली. पण कुणब्यांत आणि इतर अनेक समाजांत त्याच्या कितीतरी आधीपासून काडीमोड होती, पाट लावायची, म्हणजे बाईने पुन्हा लग्न करायची चाल होती. म्हणजे खोताच्या माडीवरच्या बाईला जी वाट बंद होती, ती कुळाच्या घरातल्या बाईला जातीच्या पंचांपुढे का होईना, उघडत होती. तुझी नायिका खोताच्या घरात गेली की तिची ही वाट बंद होणार. तिला हे कळत असणार. तिच्या आईला तर नक्कीच. मग तिची आई लग्नाला सहज तयार होईल का? आणि खोताचे भाऊबंद? लग्न कसं जमतं याबद्दल पत्रात एक ओळ नाही. ती पानं टाळू नकोस.

दुसरी वाट समुद्राची. दाभोळला आगबोट लागत होती. गिरण्या सुरू होऊन तीस वर्षं उलटली होती आणि रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं मुंबईला जात होती. गिरण्यांत बायकाही काम करत. खोताच्या तावडीतून कूळ सुटायचं ते मुख्यतः या वाटेने. पण पावसाळा लागला की बंदर बंद. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत बोट नाही, गलबत नाही, जिथे आहोत तिथेच. आता तुझी पानं उलगडून बघ. पडवीतला तो प्रसंग कोणत्या महिन्यात आहे? आषाढात असेल तर ती मुलगी कुठेही जाऊ शकत नाही आणि त्या माणसालाही ते माहीत आहे. त्या मनगट धरण्याचा अर्थच वेगळा होतो.

आणि होकार? तो तिने भर पावसात, कोंडलेल्या घरात देता कामा नये. नारळ पाण्यात पडू दे, बंदर उघडू दे. भावाने मुंबईहून पाठवलेले बोटीच्या भाड्याचे पैसे तिच्या कनवटीला असू देत, बोट खाडीच्या तोंडाशी आलेली दिसू दे. त्या क्षणी ती थांबली, तर वाचक तिच्या प्रेमावर विश्वास ठेवेल. आणि थांबली नाही, तर तेही तुला लिहिता आलं पाहिजे. शेवट आधी ठरवून ठेवू नकोस. बंदरापर्यंत तिला चालू दे आणि बघ.

तिसरीने सुचवलेली मेलेली आई मात्र आणू नकोस. लहानपणी आई गेलेली किती माणसं आपण पाहिली, त्यातल्या कितीजणांनी दुसऱ्याची जमीन काढून घेतली? दुःख दाखवलं की वाचकाला माया येते हे खरं, पण ती माया चोरून घेतलेली असते आणि पुढच्या क्रूरपणाला ती पुरत नाही. त्यापेक्षा खोताच्या अंगावरचा खरा दाब दाखव. खोत गावाचा मालक म्हणून मिरवत होता, तरी सरकारची जमा भरायची जबाबदारी त्याच्यावर होती. पीक बुडालं म्हणून ती टळत नसे, आणि थकली तर जप्ती. तो कचेरीत जाऊन आल्यावर रात्रभर झोपाळ्यावर बसतो, कड्या करकरत राहतात आणि घरात कोणी बोलत नाही, एवढं लिही. त्यातून तो का कडक झाला ते कळेल, आणि त्याने कुळावरच का काढलं हा प्रश्न तसाच उभा राहील. तो उभाच राहायला हवा.

जमिनीच्या बाबतीत कायदाही बघून घे. १८८० च्या खोती कायद्यात कब्जाचा हक्क असलेली कायम कुळं वेगळी आणि बाकीची वेगळी. तुझा भाऊ यातला कोणता? कायम कूळ असेल तर खोताला मनात आलं म्हणून त्याला उठवता येणार नाही, कागदपत्रांचा काही डाव करावा लागेल. मग तो नुसता तापट राहत नाही, लबाडही ठरतो. तो तसा हवाय का, हे तुला ठरवायचं आहे. मी असते तर लबाड केला असता. तापट माणूस पश्चात्तापाने एका रात्रीत निवळतो. लबाड माणसाला आपला डाव स्वतःच्या हाताने, चारचौघांत उलटवावा लागतो, आणि ते वाचायला मिळालं तर वाचक शेवटच्या पानापर्यंत येईल.

"तेव्हाचा काळच तसा होता" हे वाक्य तुझ्या पत्रात नाही याचं मला बरं वाटलं. पण कादंबरीत ते कोणाच्या ना कोणाच्या तोंडी येईल, म्हणून सांगते. तुझ्या गावापासून खाडी ओलांडली की दापोली तालुका. तिथल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली पुण्यात गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. दोघं एकाच जातीतली, १८५६ पासून कायदाही त्यांच्या बाजूने, तरी मुरुडकरांनी बहिष्कार घातला आणि त्याची झळ त्यांच्या आईपर्यंत गेली. म्हणजे त्याच किनाऱ्यावर, त्याच वर्षांत वेगळं वागणं शक्य होतं, आणि त्याची किंमतही ठरलेली होती. तुझा खोत वेगळं वागला नाही तो ती किंमत द्यायची नव्हती म्हणून. आणि बदलला तर ती त्याला द्यावी लागेल. तो नायिकेसमोर डोळे ओले करतो, एवढ्याने काही फिटत नाही. वेठ बंद करून बघ म्हणावं. पेरणीच्या दिवसांत कुळांना आधी त्यांची शेतं लावू दे म्हणावं, आणि शेजारच्या गावचे खोत त्याच्या ओटीवर येऊन काय बोलतात ते ऐकू दे आम्हाला. भावाची जमीन कागदावर परत होऊ दे, आणि तीही तिने होकार देण्याच्या आधी, होकाराशी काही संबंध न ठेवता. डार्सीनेही नायिकेच्या घराची अब्रू वाचवली ती तिला कळणार नाही अशा बेताने. लग्नात आहेर म्हणून आलेली जमीन ही जमीन नसते, मुलीची किंमत असते.

आता पडवीचा प्रसंग. तो काढ असं मी सांगणार नाही. पण मला शंका आहे की तू तिथे नायिकेच्या काळजाचा ठोका चुकवला आहेस आणि वाचकाने तो प्रेमाचा समजावा अशी तुझी अपेक्षा आहे. आधी भीती लिही, नुसती. मनगटावर काय राहिलं ते लिही, बांगडी फुटली का ते लिही. त्या घराच्या पडवीत दुपारी कोणीच नसेल हे मला पटत नाही. वायनात, म्हणजे जमिनीत पुरलेल्या उखळात, भात कांडणारी एखादी बाई असणारच. तिने मुसळ थांबवलं का? तिने पाहिलं आणि पुन्हा कांडायला लागली, तर ते तिने आधीही पाहिलेलं आहे. हे एवढंसं दिसलं की वाचकाला कळतं, लेखिकेला सगळं दिसतंय. मग ती नायकाला कितीही वाईट वागू दे, वाचक तिचा हात सोडत नाही.

राहिली तुझी चौथी मैत्रीण, आणि तू.

इंग्लंडात सॅम्युअल रिचर्डसनने १७४७-४८ मध्ये 'क्लॅरिसा' नावाची प्रचंड कादंबरी छापली. सुधारलेला छंदीफंदी माणूस उत्तम नवरा होतो हा समज घातक आहे, हे दाखवायचं त्याने प्रस्तावनेतच सांगितलं होतं. त्यासाठी त्याने लव्हलेस उभा केला: देखणा, बोलका, आणि मुलीचा सर्वनाश करणारा. झालं काय, तर कादंबरी भागांनी बाहेर येत असतानाच वाचकांनी, त्यात पुष्कळ बायकांनी, त्याला पत्रं लिहिली की या दोघांचं लग्न लावून दे, शेवट गोड कर. त्याने ऐकलं नाही. उलट पुढच्या आवृत्त्यांत लव्हलेसचा काळेपणा ठळक करणारा मजकूर वाढवला. तरी लव्हलेस लोकांना आवडायचा तो आवडतच राहिला.

त्या बायका मूर्ख होत्या असं मला कधीच वाटलं नाही. ज्यांना खऱ्या आयुष्यात बापाने ठरवलेल्या माणसाबरोबर, तो निघेल तसा, जन्म काढायचा होता, त्यांना असा माणूस आपल्यामुळे बदलतोय हे निदान कागदावर बघायचं होतं. कागदावर भीती आपल्या मुठीत असते, पान मिटलं की संपली. तुझ्या मैत्रिणीलाही तेच आवडलं असेल. तिची काळजी करू नकोस. तिला एवढंच विचार की पडवीच्या प्रसंगात तुला काय वाटलं. ती म्हणाली, "भीती वाटली, पण पुढे वाचावंसं वाटलं," तर तुझं बरोबर चाललंय. ती म्हणाली, "किती रोमँटिक," तर तो प्रसंग पुन्हा लिहायला घे.

आणि तुझी लाज. ती मी समजू शकते, पण ती तुझ्याकडे असायचं कारण नाही. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या आपल्यावर हुकमत गाजवली, त्या घराच्या माडीवर काय चालत असेल याची ओढ वाटणं अगदी माणसासारखं आहे. त्या माडीवरचा माणूस आपल्यापुढे झुकावा असं वाटणं तर त्याहून. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगडजवळचं आंबडवे, म्हणजे आपल्याच मुलखातलं. खोती बंद करायचं विधेयक त्यांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, आणि कायद्याने खोती गेली ती १९४९ मध्ये. म्हणजे तुझ्या आजीने ते सगळं जाणत्या वयात पाहिलेलं असणार. तिच्या रडण्यातलं काही तू तुझ्या लेखणीने मागते आहेस. खोतावर प्रेम कर, हरकत नाही. मी माझ्या आजोबांवर केलं, त्या वह्या वाचल्यानंतरही केलं. पण वह्या मिटून नाही केलं.

पत्र मी तीनदा वाचलं. खोताचं वय, राग, डोळे, घोडा, सगळं तू लिहिलं आहेस. थोडक्यात द्यायचं म्हणून मी वर त्यातलं बरंच गाळलं. नायिकेच्या भावाला मात्र तू नाव दिलेलं नाहीस. चार ठिकाणी तो नुसता "भाऊ" आहे. ज्याची जमीन गेली तो माणूस शंभर पानांत काय बोलतो, कोणाशी बोलतो, रेघ मारली गेल्याच्या रात्री त्याच्या घरात चूल पेटली का, हे मला कळलं नाही, आणि त्या दोघी मैत्रिणींनाही कळलं नसावं. तुझ्या पणजोबांचं नाव काय होतं? या आठवड्यात एवढंच कर. भावाला ते नाव दे, शंभर पानांत तो किती वेळा तोंड उघडतो ते मोज, आणि आकडा मला कळव.